पाचवे शील आणि जिभेखालची गोळी



मागच्या पौर्णिमेला विहारात त्रिसरण-पंचशील झाले. मंडळी पांगू लागली, तेव्हा एक आई मागे थांबली आणि हळूच म्हणाली, "भंतेजी, माझा पोरगा गर्दच्या नादी लागला होता. आता सरकारी केंद्रात जाऊन रोज जिभेखाली गोळी घेतो, कामावर जातो. पण लोक म्हणतात, एक नशा सोडली अन् दुसरी धरली. त्यानं पाचवं शील म्हणावं का? तो बाहेर पायरीवरच बसून राहतो."

हा प्रश्न त्या एका माउलीचा नाही. २०१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार अफू, गर्द आणि तत्सम गोळ्यांच्या व्यसनामुळे मदतीची गरज असलेले सुमारे ७७ लाख लोक या देशात आहेत. म्हणून उत्तर सर्वांसमोर देतो.

मादक पदार्थ प्रमादाचे कारण होतात, माणसाचे भान हिरावून घेतात, म्हणून तथागतांनी ते वर्ज्य सांगितले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी परमपूज्य बाबासाहेबांनी नागपूरला दिलेल्या बावीस प्रतिज्ञांतही दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. त्यात कोणीही सवलत मागू नये. परंतु औषध म्हणजे नशा नव्हे. चीवर, भिक्षान्न आणि निवास यांच्या बरोबरीने आजारपणातील औषध ही भिक्खूची चौथी गरज मानली गेली आहे.

विनयपिटकात स्थविर पिलिंदवच्छ यांची हकीकत आहे. त्यांना वाताचा विकार जडला. वैद्यांनी औषधी तेलात मद्य घालण्यास सांगितले आणि तथागतांनी अनुमती दिली. पुढे काही भिक्खूंनी मद्य जास्त घालून ते प्यायले व झिंगले. तेव्हा तथागतांनी मर्यादा घातली : मद्याचा रंग, वास व चव कळणार नाही इतकेच ते असावे. औषधाला मुभा, नशेला बंदी, हा निवाडा अडीच हजार वर्षांपूर्वीच झालेला आहे.

आता त्या गोळीचे पाहू. तिचे नाव ब्युप्रेनॉर्फिन. गर्द मेंदूत ज्या ठिकाणी परिणाम करते, त्याच ठिकाणी ही गोळी जाऊन बसते. मात्र डॉक्टरांनी ठरवलेल्या मात्रेत ती झिंग आणत नाही. तलफ शमते, अंग तुटणे थांबते, ज्याला ही मुले 'टर्की' म्हणतात तो छळ संपतो. माणूस भानावर राहतो. मग प्रमाद कोठे राहिला? जागतिक आरोग्य संघटनेने २००५ साली ब्युप्रेनॉर्फिन आणि मेथाडोन ही दोन्ही औषधे आवश्यक औषधांच्या यादीत घेतली. ती घेणाऱ्यांमधील मृत्यूचे प्रमाण उपचार सोडलेल्यांच्या निम्म्याहूनही कमी आढळले आहे. कारण उघड आहे. औषध सुटले की शरीराची सवय मोडते. मग तलफेच्या भरात पूर्वीइतकीच गर्द घेतली, तर श्वास थांबतो. म्हणून "खरा बौद्ध असशील तर गोळी सोड" असे जो म्हणतो, तो पाचव्या शीलाच्या नावाने पहिले शील धोक्यात घालतो.

परंतु गोळी तलफ शमवते, एकटेपणा शमवत नाही. त्याला माणूस लागतो. अतिसाराने लोळत पडलेल्या भिक्खूकडे संघाने पाठ फिरवली, तेव्हा तथागतांनी आनंदासह त्याला स्वतः धुतले, उचलून मंचकावर निजवले. मग भिक्खूंना बजावले की तुम्हाला येथे आईबाप नाहीत. तुम्हीच एकमेकांची शुश्रूषा केली नाही तर कोण करील?

आजच्या काळातही पाहा. अमेरिकेत व्यसनमुक्तांच्या काही गटांत मेथाडोन घेणाऱ्यांना बोलू देत नसत. "तुम्ही अजून मुक्त नाही" असे म्हणत. तेव्हा १९९१ साली बाल्टिमोर शहरात अशा लोकांनी स्वतःचाच गट उभा केला. औषध घेणारा औषध घेणाऱ्याचा सोबती झाला. ज्याने टर्की भोगली, त्याला समोरच्याची रात्र समजावून सांगावी लागत नाही. यालाच आपण कल्याणमित्र म्हणतो. कल्याणमित्रता हे धम्मजीवनाचे अर्धे अंग आहे असे आनंद म्हणाले, तेव्हा तथागतांनी ते अर्धे नव्हे, संपूर्ण आहे असे सांगितले.

तेव्हा आपल्या वस्तीत काय करता येईल? या वाटेने सावरलेला कोणी असेल, तर त्याने नव्याबरोबर सकाळी केंद्रापर्यंत चालत जावे. रात्री तलफ उठली तर दार उघडावे. उपदेश करू नये, आपला अनुभव सांगावा. गोळीची मात्रा डॉक्टरांवर सोडावी. ती कमी करायची की थांबवायची हेही तेच ठरवतील. पाय घसरलाच तर हाकलू नये, परत केंद्रात न्यावे. कोठे जावे हे ठाऊक नसेल, तर १४४४६ हा सरकारी व्यसनमुक्ती मदतीचा क्रमांक आहे. घरच्यांनी त्याला 'गर्दुल्ला' म्हणणे आजपासून बंद करावे.

बंधूंनो, आपल्या बापजाद्यांना देवळाच्या पायरीवर उभे करीत नसत. १९२७ साली महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेण्यासाठी बाबासाहेबांना सत्याग्रह करावा लागला. त्याच आपण आपल्याच लेकराला विहाराच्या पायरीवर बसवून ठेवायचे काय? त्याचा विटाळ मानायचा काय?

मी त्या माउलीला म्हणालो, "बाई, पुढच्या पौर्णिमेला त्याला आत आणा. पाचही शीले त्याने मोठ्याने म्हणावीत. पाचवे तर तो रोज सकाळी केंद्राच्या रांगेत उभा राहून पाळतो."

त्याच्या शेजारी कोण बसणार, एवढे आता तुम्ही ठरवा.

सर्वांचे मंगल होवो. जय भीम!