रुक्मिणीचे पत्र आणि अद्भुताचा धर्म

राजवाडा, जुलमाने ठरवलेले लग्न, गुप्त निरोप आणि अशक्य अंतर क्षणात कापणारे वाहन एवढ्या सामग्रीवर जगभर प्रेमाच्या अद्भुतकथा उभ्या राहतात. अशा कथा म्हणजे वास्तवापासूनची पळवाट, आणि धर्मविचारात पळवाटेला जागा नाही, असे म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे. मला हे मुळातच पटत नाही. निदान वऱ्हाडात तरी हे म्हणणे अवघड जावे. कारण या प्रकारची आपल्याकडची सर्वांत थोर कथा तिथेच घडलेली मानतात. वर्धा नदीकाठचे कौंडिण्यपूर हे रुक्मिणीचे माहेर. तिथली पालखी आजही पंढरपूरला जाते. भागवताच्या दशम स्कंधात रुक्मिणीची जी कथा येते, तिच्यात दरबारी राजकारण पुरेपूर आहे. कृष्णाचा द्वेष्टा भाऊ रुक्मी तिला शिशुपालाला देऊ पाहतो; शिशुपालामागे जरासंधाचे बळ आहे. बाप भीष्मक मनातून राजी नसतो, तरी मुलापुढे नमतो. बहिणीचे मन हा त्या वाड्यात विचारात घेण्याचा विषयच नसतो.

अशा वेळी रुक्मिणी काय करते हे नीट पाहिले पाहिजे. ती एका ब्राह्मणाकरवी द्वारकेला कृष्णाकडे निरोप धाडते, आणि त्या निरोपात नुसती आळवणी नाही, पुरी योजना आहे. अंतःपुरातून नेले तर माझ्या आप्तांचा घात होईल. लग्नाच्या आदल्या दिवशी कुळाच्या रिवाजाप्रमाणे मी गावाबाहेर देवीच्या दर्शनाला जाते, तिथून मला ने, असे ती कळवते. म्हणजे कथेतले सर्वांत चतुर कारस्थान तिचेच आहे. अद्भुत येते ते त्यानंतर: कृष्णाचा रथ एका रात्रीत द्वारकेच्या आनर्त देशातून विदर्भात पोहोचतो. आधी माणसाचा निर्णय, मग चमत्कार, हा क्रम मला फार मोलाचा वाटतो. रथ रुक्मिणीच्या ऐवजी काही ठरवत नाही. तिने जे ठरवले, त्याला जगाने जी वाट नाकारली होती ती तो मोकळी करतो.

हा क्रम मराठी कादंबरीच्या बालपणीही दिसतो. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ची आणि नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ १८६८ची. राजकन्या, कपटी दरबारी, विरह, विमान असल्या गोष्टींमुळे पुढच्या वास्तववादी टीकाकारांनी या परंपरेची पोरकट म्हणून हेटाळणी केली. पण रिसबुडांनी आपल्या प्रस्तावनेत दिलेले कारण पोरकट नाही. आपल्या लग्नाच्या चालीरीतीच अशा आहेत की रोजच्या जगण्यावर लिहिले तर मन वेधणारे काही हाती लागत नाही, म्हणून अद्भुताकडे वळावे लागते, अशा आशयाचे ते लिहितात. ज्या समाजात मुलीचे लग्न कळत्या वयाआधीच लागत होते, तिथे परस्परांना निवडणाऱ्या दोघांची गोष्ट वास्तवात रचायची कुठे? ती विमानातच रचावी लागली. ज्याला पळवाट म्हणतात, तिथे मला निवडीच्या विचाराने जिवंत राहण्यासाठी शोधलेला आसरा दिसतो.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप धर्माच्या अंगणातूनच आला आहे. भास्करभट्ट बोरीकरांनी चौदाव्या शतकाच्या आरंभी ‘शिशुपालवध’ रचले तेव्हा महानुभाव पंथातल्या गुरुबंधूंनी काव्य चांगले म्हटले, पण ते निवृत्तीच्या वाटेवरच्या माणसाला शोभणारे नाही, असाही अभिप्राय दिला. त्यात शृंगार फार होता. कवीने मग भागवताच्या एकादश स्कंधावर ‘उद्धवगीता’ लिहिली. हा आक्षेप मी हलका मानत नाही. ज्याने संसार सोडला त्याचे मन प्रेमकथेत गुंतले तर त्याच्या साधनेचे नुकसान आहेच. पण त्याच पंथात महदाइसेने रिद्धपूरला, पंथ ज्यांना अवतार मानतो त्या गोविंदप्रभूंपुढे कृष्ण-रुक्मिणीच्या विवाहाचे धवळे गायिले. ती बालविधवा, संन्यासिनी. स्वतःला जे लग्न निवडता आले नाही आणि ज्याची वाट आता कायमची बंद, त्या लग्नाची गाणी तिने देवापुढे म्हटली आणि पंथाने ती जपली. शृंगार संन्याशाला बाधतोच असे असते, तर हे घडले नसते. बाधते ती आसक्ती, आणि ती रुक्ष ग्रंथाबद्दलही असू शकते.

दुसरे म्हणणे असे की, ही प्रेमकथा नव्हेच. एकनाथांनी १५७१ साली काशीत पूर्ण केलेल्या ‘रुक्मिणी स्वयंवरा’त रुक्मिणी म्हणजे जीव, कृष्ण म्हणजे परमात्मा, बाकी सारे वेष्टन. रूपक मलाही मान्य आहे, पण वेष्टन फेकले तर रूपकच कोसळते. रुक्मिणीला शिशुपाल नाकारता येत नसेल, तर तिने कृष्णाला वरण्याला काय अर्थ उरला? भक्तीला भक्तीपण येते ते न करण्याची मुभा असताना केल्यामुळे. म्हणून जीव-शिवाच्या ऐक्यासाठी नाथांनाही आधी एक खरीखुरी, हट्टी, आपले मन जाणणारी मुलगी उभी करावी लागली.

राहिला प्रश्न चमत्काराने सगळे स्वस्त होते का, याचा. भागवतात तरी होत नाही. रथ वेळेवर येतो, तरी लढाई टळत नाही. रुक्मी हरतो, त्याची विटंबना होते, आणि त्याच्या जिवासाठी रुक्मिणीलाच पाय धरावे लागतात. ज्या भावाने तिचा सौदा मांडला त्याच्यासाठी ती रडते. निवड केली म्हणून नाती तुटत नाहीत, त्यांचे ओझे मात्र वाढते. आज कितीतरी घरांत लग्न जमावे म्हणून मुलीला ‘रुक्मिणी स्वयंवरा’चे पारायण करायला बसवतात. ही पोथी चांगला नवरा मिळवून देणारा तोडगा म्हणून वापरणे मला तिच्या आशयाशी केलेली प्रतारणा वाटते. त्या पोथीतली मुलगी आलेले स्थळ मोडते, घरच्यांना न विचारता पत्र धाडते, आणि संतांनी तिलाच आई म्हटले आहे. पारायण सांगणाऱ्या घराला तिच्यासारखा नकार आपल्या लेकीच्या तोंडून ऐकायची तयारी नसेल, तर त्या घराने पोथी अजून वाचलेलीच नाही.