मागच्या बाकावर

अहिल्यानगर

प्रिय मुली,



तुझं पत्र मंगळवारी मिळालं, तेव्हापासून तीनदा वाचून झालं. मंडळी सोडून सहा महिने झाले, तरी रविवारी पहाटेच जाग येते, अंघोळ होते, पवित्र शास्त्र पिशवीत जातं आणि मग लक्षात येतं की आता जायचं कुठे, असं तू लिहिलंस. तिथे मी पत्र खाली ठेवलं आणि थोडा वेळ नुसती बसून राहिले.

आधी त्या भीतीबद्दल बोलू. जो बाहेर गेला त्याच्यावरचं कव्हरिंग, म्हणजे देवाचं संरक्षण, उठलं, असं पास्टरांनी भर सभेत सांगितलं. पुढच्याच महिन्यात तुझ्या वडिलांची अँजिओप्लास्टी झाली आणि तुझ्या मनात नको ते आलं. अगं, त्यांना वीस वर्षं मधुमेह आहे, हे तूच लिहिलं आहेस. इतकी वर्षं साखर वाढलेली असली की रक्तवाहिन्या खराब होतात. मुलीनं मंडळी सोडली म्हणून नाही होत. देव त्या हॉलपुरता नव्हता. आजीच्या मांडीवर प्रार्थना शिकलीस तेव्हा तो होता आणि दवाखान्याच्या पायऱ्यांवर एकटी रडलीस तेव्हाही होता.

मी हे ऐकीव सांगत नाही. सव्वीस वर्षांची असताना मीही अशाच एका मंडळीत होते. नाव घेत नाही, ती आता उरलेलीही नाही. सुरुवातीला काय प्रेम होतं! आजारी पडलं की दारात डबा, परीक्षा असली की घरी येऊन प्रार्थना. मग हळूहळू वही आली. कोण आलं, कोण नाही, दशमांश किती, शुक्रवारचा उपास धरला की नाही, सगळं त्या वहीत. आईच्या ऑपरेशनमुळे मी दोन रविवार चुकवले, तर तिसऱ्या रविवारी मला पुढे उभं करून सगळ्यांची क्षमा मागायला लावली. मी मागितलीही. लाज मला त्याची वाटते, की त्या वेळी मला ते योग्यच वाटलं होतं. पुढे माझं लग्न कोणाशी व्हावं हेही प्रार्थनेत ‘दिसलं’, तेव्हा मी निघाले. दुसऱ्या दिवशी भाजीबाजारात एक बाई भेटली. नाताळच्या करंज्या आम्ही एकाच परातीत भरलेल्या. मला पाहून तिनं हातातली मेथीची जुडी परत ठेवली आणि पलीकडच्या ओळीत निघून गेली. तुला व्हॉट्सअॅपच्या ग्रुपमधून काढलं ना, तो तोच बाजार आहे.

अशी झगडणारी आपण दोघीच नाही. पंडिता रमाबाईंचं नाव आपण केडगावच्या मुक्ती मिशनसाठी घेतो. त्यांच्या आयुष्यातला एक झगडा मात्र फारसा सांगितला जात नाही. 1883 मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेज इथे, जोगिणींच्या आश्रमात, त्यांनी बाप्तिस्मा घेतला. परका देश, मांडीवर लहानगी लेक मनोरमा, निवारा आणि अन्न त्या भगिनींचंच. उपकारांखाली वाकून गप्प बसायला याहून मोठं कारण काय हवं? पण त्या प्रश्न विचारत राहिल्या. चेल्टनहॅमच्या कॉलेजात त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावं की नाही, यावर हिंदुस्थानातल्या बिशपांनी हरकत घेतली, ती त्यांना पटली नाही. क्रुसावर लॅटिन अक्षरंच का, संस्कृत का नकोत, असंही त्यांनी विचारलं. त्रैक्याचं तत्त्व समजत नाही तोवर ‘समजलं’ म्हणायचं त्यांनी नाकारलं. आश्रमातल्या सिस्टर जेराल्डीन त्यांना आज्ञाधारकपणा शिकवू पाहत होत्या आणि रमाबाई कळवत होत्या, की एका पुरोहितवर्गाच्या सत्तेतून सुटून आले ती दुसऱ्याच्या सत्तेत विवेक गहाण टाकायला नव्हे. हा पत्रव्यवहार 1977 मध्ये पुस्तकरूपानं निघाला आहे. मिळाला तर वाच. रमाबाईंनी ख्रिस्त सोडला नाही. कुठल्याही एका पंथाचा शिक्का मात्र त्यांनी स्वतःवर मारून घेतला नाही, आणि पुढे हिब्रू-ग्रीक शिकून आख्खं शास्त्र मराठीत आणलं. प्रश्न विचारणाऱ्या बाईला तुमच्याकडे ‘बंडखोर आत्मा’ म्हणतात ना? मला तर तिच्या हातून झालेलं भाषांतर दिसतं.

आता नवी मंडळी कशी शोधायची ते. घाई करू नकोस, हे पहिलं. कवी नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी त्यासाठी आणखी काही वर्षं घेतली, आणि आल्या त्या स्वतःच्या पायांनी आल्या. तूही वेळ घे. काही रविवार घरीच थांबलीस तरी चालेल.

जाशील तिथे स्वागत किती जोरात होतं, हे पाहू नकोस. आपण जिथून निघालो तिथेही स्वागत जोरातच होतं. कोणी सोडून गेलेला असेल तर त्याचं नाव काढ आणि नुसतं ऐक. ‘त्यांची बदली झाली, दिवाळीत भेट होते,’ असं कोणी सहज म्हणालं तर थांब. आवाज खाली आला, चेहरे बदलले, तर चहा पिऊन घरी ये. पैशाचंही विचार. आपल्या राज्यात चर्चचे ट्रस्ट 1950 च्या सार्वजनिक न्यास कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडे नोंदवलेले असतात आणि त्यांना हिशेब तपासून घ्यावे लागतात. सभासदांच्या सभेत जमाखर्च वाचला जातो का, एवढंच विचार. ज्याला तो प्रश्न देवाविरुद्धचा वाटतो, त्याच्या थैलीत पैसे टाकू नकोस. जुन्या, मोठ्या नावाच्या मंडळ्यांतही जमिनींचे वाद आणि पंचांची भांडणं आहेत, हे मी लपवत नाही. फरक एवढाच की तिथे भांडता येतं, आणि भांडूनही पुढच्या रविवारी प्रभुभोजनाला जाता येतं.

तुझा लहानपणचा बाप्तिस्मा खोटा ठरवून तुला पुन्हा पाण्यात उतरवलं, म्हणून कोणता खरा, असं तू विचारलंस. 29 नोव्हेंबर 1970 ला नागपुरात सहा पंथ एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, तेव्हा हाच मोठा पेच होता. लहान मुलांना बाप्तिस्मा देणारे आणि फक्त मोठ्यांना देणारे, दोघेही त्यात होते. त्यांनी दोन्ही रीती मान्य केल्या आणि एका छताखाली बसले. तुला आणखी काही सिद्ध करायचं नाही.

बाजारातल्या त्या दिवसानंतर मी सात महिने कुठेच गेले नाही. मग एका रविवारी घराजवळच्या देवळात शिरले आणि शेवटच्या बाकावर, दाराशी बसले, म्हणजे उठून जाता येईल. शेजारी एक म्हाताऱ्या बाई होत्या. त्यांनी नाव विचारलं नाही, कुठल्या मंडळीची तेही नाही. गीताचा आकडा सांगितला गेला तेव्हा माझ्या हातात काही नाही हे पाहून त्यांनी आपलं ‘उपासना संगीत’ बाकावर मधोमध सरकवलं. पुस्तकाचा पुठ्ठा सुटलेला, पानं सुतळीनं बांधलेली. मला गाता आलं नाही, नुसती ओळींवरून बोट फिरवत राहिले. पुढच्या रविवारी मी गेले नाही. त्याच्या पुढच्या रविवारी गेले, तर पुस्तक पुन्हा मधोमध आलं. मधल्या रविवारी कुठे होतीस, हे त्यांनी मरेपर्यंत विचारलं नाही.

या महिन्यात कोणत्याही रविवारी ये. पुण्याहून सकाळच्या एसटीनं निघालीस तर दहाच्या उपासनेला पोचतेस. मी अजून त्याच बाकावर बसते. देवळात यावंसं वाटलं नाही तर सरळ घरी ये, किल्ली शेजारच्या वहिनींकडे ठेवते. उपासना उरकून मी येईन, तोवर झोप काढ. भाकरी आणि वांग्याचं भरीत करीन. जेवणाआधी प्रार्थना मी मनातल्या मनात करते, तुला हवी तर तू कर.

तुझी,
मावशी