सांजेची गाडी व दारातील कुत्री

(मत्तय १५ : २१–२८ व लूक १५ : ११–३२ हे दोन भाग घरी मोठ्याने वाचावे, मग पुढील मजकूर वाचावा.)



२०२१ सालापासून मंडळ्यांच्या कामाखेरीज आठवड्यातील चार दिवस आम्हांस शिकविण्याच्या कामासाठी अहिल्यानगरास, म्हणजे २०२४ पर्यंत ज्यास अहमदनगर म्हणत त्या शहरी, जावे लागते. आमचे गाव राहुरीच्या पुढे, कोल्हारच्या अलीकडे, मनमाड रस्त्यापासून दीड मैल आत आहे. पहाटे उठून फाट्यावर यावे, एस.टी.ची वाट पाहावी, दांडीस धरून उभे राहावे, आणि सायंकाळी तोच रस्ता उलट्या तोंडाने पुन्हा कापावा, असा आमचा क्रम आहे. एस.टी.ची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुण्याहून नगरासच आली. त्यामुळे आमच्या जिल्ह्याचा व ह्या गाडीचा ऋणानुबंध जुना. कधी कधी तर आम्ही बसलो आहो ती तीच पहिली गाडी असावी असा भास होतो.

फाट्यावर उतरलो म्हणजे दिवेलागण झालेली असते. पाय जड, पाठ आंबलेली, पिशवीत तपासावयाच्या वह्या, आणि मनात दिवसभरात कोणी काय बोलले त्याची उजळणी. अशा स्थितीत उसाच्या दोन्ही बाजूंच्या भिंतींमधून चालत आम्ही पाटाच्या मोरीपर्यंत आलो की अंधारातून चार डोळे चमकत. मोत्या व काळी ही आमची दोन कुत्री. मोत्या उड्या मारी, सदऱ्यावर चिखलाचे पंजे उठवी. काळी उडी मारीत नसे, ती सर्व अंग वाकडे करून पायांत घोळे आणि बारीक रडल्यासारखा आवाज काढी. पिशवीत काय आहे हे त्यांनी कधी विचारले नाही. आज पाठ नीट झाला की नाही, साहेब रागावले की काय, पगार आला की राहिला, हे त्यांच्या लेखी काहीच नव्हते. आम्ही आलो, एवढ्याच गोष्टीचा तो उत्सव होता. आणि काल आलो होतो म्हणून आजचा उत्सव तिळमात्रही कमी होत नसे.

कुत्र्यावर प्रवचन करावे काय, असे आमच्यातील वडीलधारी मंडळी विचारतील, आणि त्यांचे विचारणे योग्य आहे. आमची आजी कुत्र्यास ओसरीची पायरी चढू देत नसे. लहानपणी आम्हांस ती निर्दय वाटे. पुढे कारण कळले. तिच्या बापास गावाच्या ज्या वाड्यापुढे दूर उभे राहून जोहार घालावा लागे, त्या वाड्याच्या आत कुत्रे खुशाल फिरत असे. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. आंबेडकर आपल्या लोकांस घेऊन गेले, त्या तळ्याचे पाणी जनावरांस मोकळे होते आणि माणसांस बंद होते. ज्यांच्या घराण्याने हे सोसले त्यांस कुत्र्याचे कौतुक सहज गोड कसे लागावे? पवित्र शास्त्रातही कुत्र्याचे नाव बहुधा तुच्छतेनेच येते. नाही म्हणावयास ईयोबाच्या ग्रंथात मेंढरे राखणारी कुत्री आहेत, लाजाराचे फोड चाटणारी आहेत, आणि ज्यास आपण शास्त्राचे प्रमाण देत नाही त्या तोबीताच्या ग्रंथात एक कुत्रे तरुण धन्याबरोबर लांबच्या प्रवासास जाते व घरी परतताना पुन्हा मागे चालताना दिसते. ते तेथे काहीच काम करीत नाही. केवळ बरोबर आहे.

आणि मग ती कनानी बाई. तिला मिळालेला शब्द कठीण होता. आमच्या आजीने तो ऐकला तेव्हा ती उपासनेतून उठून बाहेर गेली होती असे सांगतात. परंतु मूळ ग्रीक भाषेत तेथे रस्त्यावरच्या भटक्या कुत्र्याचा शब्द नाही, लहानग्या, घरच्या कुत्र्याचा आहे. त्या बाईने हा फरक क्षणात ओळखला. घरचे आहे ना, मग मेजाखाली तरी जागा आहे. मेजाखाली जागा आहे, तर चुरा आहे. आणि लेकीच्या जिवास चुरा पुरे आहे. अपमानाच्या शब्दातून तिने घराची वाट काढली. प्रभूने तिच्या विश्वासाची जशी वाखाणणी केली तशी फार थोड्यांची केलेली आढळते.

जपान देशातील एका कुत्र्याची गोष्ट तुमच्यापैकी मुलांनी मोबाइलवर पाहिली असेल. टोकियोच्या विद्यापीठात हिदेसाबुरो उएनो नावाचे शेतीशास्त्राचे अध्यापक होते. त्यांचे हाचिको नावाचे कुत्रे शिबुया स्टेशनावर त्यांस घेण्यास जात असे. मे १९२५ मध्ये अध्यापक कामावर असतानाच मरण पावले. गाडी आली, ते उतरले नाहीत. हाचिको पुढे जवळजवळ दहा वर्षे त्या स्टेशनावर येत राहिला आणि ८ मार्च १९३५ रोजी मेला. त्याचा पुतळा तो जिवंत असतानाच १९३४ साली स्टेशनाजवळ उभा केला होता. महायुद्धात तो धातूसाठी वितळविला गेला, आणि १९४८ साली पहिल्या मूर्तिकाराच्या मुलाने दुसरा घडविला. परंतु आम्हांस अधिक आवडतो तो तिसरा. तो २०१५ साली विद्यापीठाच्या आवारात बसविला. त्यात अध्यापक वाकले आहेत आणि कुत्रे मागच्या पायांवर उभे राहून त्यांच्या अंगावर झेपावले आहे. जी भेट झाली नाही, ती नव्वद वर्षांनी कोणी तरी घडवून दिली.

काही शहाणे म्हणत की, कसले प्रेम आणि कसले काय, स्टेशनाजवळच्या दुकानांतून मांसाचे तुकडे मिळत म्हणून ते येई. तुकडे मिळत हे खरे. आम्हीही पिशवीतून चतकोर भाकरी राखून आणीतच होतो. पण बंधूंनो, तुकडा हवा असणे आणि धनी हवा असणे ह्या दोन गोष्टींचे वैर आहे असे कोणी सांगितले? कनानी बाईस चुराच हवा होता. आपणही रोजची भाकर मागतोच.

जपानातीलच अझाबु विद्यापीठातील किकुसुई व त्यांच्या सोबत्यांनी २०२२ साली एक शोध प्रसिद्ध केला. कुत्र्यास धन्यापासून पाचसात तास दूर ठेवून मग भेट घडविली असता त्याच्या डोळ्यांतले पाणी वाढते. ओळखीच्या दुसऱ्या माणसाच्या भेटीने तसे वाढत नाही. डोळ्यांस कागदाची पट्टी लावून त्यांनी हे मोजले. आम्ही हे वाचले तेव्हा काळीचा तो बारीक आवाज कानांत आला आणि वर्तमानपत्र खाली ठेवावे लागले. त्याचे कारण पुढे येईल.

आता घरातील गोष्ट सांगतो. ती सांगण्यास जड जाते, पण गेले वर्षभर व्यासपीठावरून दुसऱ्यांची घरे उघडी केल्यावर आपले झाकून ठेवणे बरे नव्हे.

२०२३ सालच्या पावसाळ्यात एके रात्री जेवताना आम्ही हसत म्हणालो, "ह्या घरात आमच्या येण्याचा आनंद कुत्र्यांनाच काय तो होतो." आमच्या कुटुंबाने तव्यावरची भाकरी उलटली आणि मान वर न करता म्हटले, "अहो, ती धावत येतात, कारण तुम्ही त्यांच्यावर कधी खेकसत नाही."

बस, एवढेच. आम्हांस राग आला. चार तास गाडीत धक्के खाऊन येणाऱ्यास हे ऐकून घ्यावे लागावे! पण गोष्ट खरी होती. फाटकाची कडी वाजली की ओसरीवर वाचीत बसलेली आमची धाकटी मुलगी पुस्तक मिटून आत जात असे. दिवा का लावला नाही, पाणी का तापले नाही, चपला वाटेत कोणी टाकल्या, हे आमचे घरातले पहिले शब्द असत. कुत्र्यांच्या डोक्यावर हात, आणि लेकरांच्या डोक्यावर शब्द. दिवसभराचा अपमान आम्ही शहरात मुकाट्याने गिळीत होतो आणि दीड मैल चालत आणून उंबऱ्याच्या आत ओतीत होतो.

त्यानंतरच्या रविवारी, आमच्या दुर्दैवाने किंवा सुदैवाने, लूकचा पंधरावा अध्याय आला. धाकट्या पुत्रावर आम्ही पुष्कळदा बोललो आहो. बाप धावतो त्या ठिकाणी आमचा आवाजही भरून येतो. पण त्या दिवशी थोरल्यापाशी आम्ही अडखळलो. तो कोठून येत आहे, पाहा. शेतातून. दिवसभर राबून, सांजवेळी, घामेजलेला, भुकेला. तोही घरीच परत येत आहे. एका अध्यायात दोघेजण घरी येतात. एक दूर देशाहून, एक रोजच्या कामावरून. आणि दूर देशाहून आलेला आत जातो, कामावरून आलेला दारात अडतो. घरातून आनंदाचा आवाज येतो आणि तोच त्यास सोसत नाही. आपण राबलो आहो, म्हणून घराने आपल्यापुढे उभे राहावे, असे त्याचे म्हणणे. बाप त्याच्यासाठीही बाहेर येतो. धाकट्यासाठी तो एकदा धावला. थोरल्यापाशी उभा राहून त्यास विनवणी करावी लागली, आणि तो आत गेला की नाही हे आपल्यास सांगितलेलेच नाही.

उपदेशकबंधूंनो, तुम्ही सायकलीवर किंवा पायी तीन वस्त्या करून, एखाद्या घरी चहाही न मिळता, रात्री आपल्या दारी येता. तुम्ही उडवून टाकलेले धन असे काही नाही. तुम्ही शेतातूनच येता. हे तुमच्याशी बोलतो आहो.

हे सर्व आम्ही त्या रविवारी व्यासपीठावरून चांगले बोललो. लोकांनी बाहेर हात मिळविले. घरी मात्र काही बदलले नाही.

२०२३ च्याच डिसेंबरात आमच्याकडे ऊसतोड चालू होती. ऊस उभा असतो तोवर बिबट्यास तेच रान. मादी तेथेच पिले घालते. ऊस तुटू लागला की ते एका फडातून दुसऱ्या फडात हलतात. आमच्याच जिल्ह्यातील अकोले तालुक्यात विद्या अत्रेय व त्यांच्या सोबत्यांनी बिबट्याच्या खाण्याचा अभ्यास केला, तेव्हा त्याच्या भक्ष्याच्या एकंदर वजनाच्या शंभर भागांपैकी ३९ भाग एकट्या कुत्र्यांचे निघाले. आम्हांस हे ठाऊक होते. मंडळीत आम्हीच दोनदा सूचना केली होती की दिवेलागणीनंतर शेळ्या, वासरे, कुत्री मोकळी ठेवू नका.

त्या सायंकाळी राहुरीच्या स्टँडवर आम्ही दोघा ओळखीच्यांबरोबर चहास बसलो. एका समितीत कोणी आमचा अवमान केला होता. त्याची हकीगत सांगता सांगता एक गाडी गेली, मग दुसरीही गेली. चहा दोनदा झाला. फाट्यावर उतरलो तेव्हा साडेआठ वाजून गेले होते. मोरीपाशी एकटा मोत्या आला. शेपूट पोटाशी घेतलेली, उडी नाही, आवाज नाही. आम्ही काळीस हाका मारल्या.

सकाळी उसाच्या कडेस फरफटीची खूण सापडली. वनरक्षक येऊन ठसे पाहून गेला. ती नेहमीच्या वेळी नेहमीच्या जागी आली होती, आणि आम्ही नव्हतो.

पण सांगावयाचे ते रात्रीचे. घरी पोहोचलो तो धाकटी हातात बॅटरी घेऊन ओसरीच्या पायरीवर उभी होती. काळी कोठे आहे हे पाहण्यास. आमच्या छातीत जे दाटले होते ते सवयीच्या वाटेनेच तोंडाशी आले: कुत्री मोकळी कोणी सोडली? शब्द अजून निघाला नव्हता. आम्ही नुसता श्वास घेतला होता. आणि ती एक पाऊल मागे सरकली.

ते पाऊल आम्ही पाहिले. बॅटरीच्या उजेडात स्पष्ट पाहिले. आम्ही काही न बोलता पायरीवर बसलो. पिशवीत भाकरीचे दोन चतकोर होते. ते मोत्याने खाल्ले नाहीत. पुष्कळ वेळाने आम्ही म्हणालो, "बाळ, चूक आमची झाली. आम्ही उशीर केला." ती जवळ आली नाही, आणि आली पाहिजे असेही नव्हते. आत गेली.

आता राहुरीहून निघताना आम्ही घरी फोन करतो. मोत्या अंधार पडण्यापूर्वी आत बांधलेला असतो. आमची चाहूल मोरीपाशीच त्यास लागते आणि त्याचे भुंकणे सगळ्या वस्तीस कळते. फाटकापाशी आम्ही क्षणभर थांबतो. शहराचे जे काही मनात असेल ते तेथे बाहेर ठेवण्याचा यत्न करतो. रोज साधते असे नाही. पुष्कळ महिने कडी वाजली की पुस्तक मिटल्याचा आवाज येतच राहिला. गेल्या गुरुवारी तो आला नाही. ती पायरीवर तशीच वाचीत बसली होती. आम्ही चपला काढून बाजूस ठेवल्या, मोत्यास सोडले. पान उलटता उलटता, वर न पाहता, तिने विचारले, "आज गाडीला गर्दी होती का?"