कच्च्या लिंबाचा हंगाम

पीटीचा तास सुरू होतो. दोन चांगले खेळणारे आळीपाळीने गडी मागून घेतात आणि दर वेळी शेवटी तेच एक-दोघं उरतात. ‘कच्चा लिंबू’ म्हणून त्यांना कुठल्या तरी बाजूला ढकललं जातं. मग उरलेला तास सीमारेषेजवळ उभं राहण्यात जातो. चेंडू सहसा तिकडे येत नाही आणि आलाच, तर पोटात गोळा येतो. पुढच्या आठवड्यात खेळ बदलतो, संघ बदलतात. उरणारी मुलं तीच असतात.

अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठाचे डॅरिल सीडेनटॉप यांना हेच खटकत होतं. शाळा खेळातली कौशल्यं सुटी सुटी घोटून घेते. पण खेळाची ओढ ज्यामुळे लागते तो आपला संघ, ती चुरस, त्या नोंदी यांना तासात जागाच नसते. यावर त्यांनी ‘स्पोर्ट एज्युकेशन’ ही पद्धत मांडली आणि १९९४ मध्ये तिच्यावर पुस्तक काढलं.

पद्धत अशी : वर्गाचे तुल्यबळ संघ पाडायचे आणि हंगाम संपेपर्यंत ते मोडायचे नाहीत. वरच्या इयत्तांसाठी हंगाम साधारण वीस तासांचा. संघाला नाव असतं, रंग असतो. आधी सराव, मग साखळी सामने आणि शेवटी सगळ्यांना सामावून घेणारा अंतिम सोहळा. खेळही आटोपशीर ठेवायचा. व्हॉलीबॉल तीन-तीन जणांचा असला, की चेंडूपासून लपायला जागा उरत नाही.

यातली सर्वांत मोलाची गोष्ट मात्र मैदानाच्या कडेला घडते. दोन संघ खेळत असताना तिसरा संघ कामावर असतो. पंच त्याचेच, गुणलेखकही त्याचेच. ही कामं नीट केली, खिलाडूपणा राखला, तर त्याचेही गुण साखळीच्या तक्त्यात जमा होतात. कच्च्या लिंबाचं नशीब पालटतं ते इथे. तो वीस तास एकाच संघात आहे आणि त्याने शिटी चुकीची वाजवली, तर संघाचे गुण जाणार आहेत. त्याला शिकवणं ही आता संघाचीच गरज होते.

खो-खोवर वाढलेल्या महाराष्ट्राला ही रचना परकी वाटू नये. संरक्षण करणारे तिघा-तिघांच्या तुकडीने आत येतात. कोण किती मिनिटं, किती सेकंद टिकला, याची नोंद होते. वर्तमानपत्रातली बातमीही त्याच आकड्यांवर उभी असते. सातवीतल्या मुलीच्या हाती घड्याळ आणि गुणपत्रक द्यावं. गडी बाद झाला त्या क्षणी बटण दाबायचं तर तिची नजर खेळावरून हलता कामा नये. चार सामन्यांत तिला कळू लागतं, की कोण खांबाजवळ फसतो आणि कोण हुलकावणी देऊन निसटतो. पुढे ती स्वतः पळायला उतरते, तेव्हा खेळ तिला अनोळखी राहिलेला नसतो.

१९९० च्या दशकाच्या सुरुवातीला न्यूझीलंडच्या माध्यमिक शाळांत हा प्रयोग झाला, तेव्हा एरवी मागे राहणारी मुलं त्यात रमल्याचं शिक्षकांनी सांगितलं. पण नुसता संघ टिकवून भागत नाही. पीटर हेस्टी यांनी १९९८ मध्ये मुलींच्या सहभागावर अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात मुलींना हंगाम आवडला होता, तरी अधिकाराच्या जागा बहुतेक मुलांनीच पटकावल्या होत्या. म्हणून कर्णधारपद आणि पंचगिरी पाळीपाळीने फिरलीच पाहिजे, आणि ती फिरते की नाही हे शिक्षकाने डोळ्यांत तेल घालून पाहिलं पाहिजे.

आपल्याकडची खरी अडचण वेगळीच आहे. परीक्षा जवळ आली, की पीटीचा तास गणिताकडे जातो. सुट्या तासाची अशी उचलाउचल सहज खपते. पण फळ्यावर सामन्यांचं वेळापत्रक लागलेलं असतं, मंगळवारच्या सामन्यापुढे पंच म्हणून एका कच्च्या लिंबाचं नाव लिहिलेलं असतं आणि तो सकाळपासून खिशातली शिटी चाचपत असतो. त्या मंगळवारचा तास मागायला येणाऱ्याला आधी त्याच्याशी बोलावं लागेल.