तव्यावरच्या तुकड्याचे वाटेकरी

मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात मांसाहाराच्या दोषाची वाटणी केलेली आहे. जनावर मारायला संमती देणारा, ते मारणारा, त्याचे तुकडे करणारा, विकणारा, विकत घेणारा, शिजवणारा, वाढणारा आणि खाणारा, हे सगळेच घातक, असं तिथे म्हटलं आहे. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या उपस्थितीत हाच ग्रंथ जाळला गेला आणि त्यामागची कारणं आजही खरी आहेत. त्याच अध्यायात यज्ञासाठी केलेली हत्या हत्या मानलेली नाही, हेही लक्षात ठेवावं लागतं. तरीही ही यादी एका जागी टोचतेच. तिच्यात स्वयंपाक करणाराही आहे.

स्टेक तर सर्वस्वी स्वयंपाक करणाऱ्याच्या हातातला पदार्थ. रश्श्यात येसूर आणि कांदा-खोबऱ्याचं वाटण बरंच काही सांभाळून घेतं. इथे मांसाचा जाड काप, मीठ, मिरी आणि कडक तापलेला तवा एवढंच असतं. काप आधी पुसून कोरडा करायचा, नाहीतर तो भाजण्याआधी वाफतो. साधारण १४० अंश सेल्सिअसच्या पुढे मांसातली प्रथिनं आणि साखर यांच्यात जी क्रिया वेग घेते, ती लुई कामी मायार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९१२ मध्ये मांडली. तो तपकिरी रंग आणि घरभर पसरणारा वास तिचाच. मग काप बाजूला काढून ठेवायचा, तव्याला धरलेली खरवड हाडांच्या सुपाने सोडवून घ्यायची आणि आच मंद करून क्रीम घालायचं. जगभर हा काप बहुधा गोमांसाचा असतो. महाराष्ट्रात १९७६ च्या कायद्याने गोहत्या बंद झाली आणि २०१५ च्या दुरुस्तीने बैल आणि वळूही त्यात आले. धाराशिवच्या घरात हा प्रयोग करायचा तर कोवळ्या बोकडाची चाप घेणं सोपं.

बोकडाची तर या जिल्ह्याला ओळखच आहे. बहुतेक काळी, वर्षानुवर्षं दुष्काळात तगलेली, जुळी पिल्लं देणारी, दूध आणि मांस दोन्हींसाठी पाळली जाणारी उस्मानाबादी शेळी. २०२३ मध्ये उस्मानाबाद जिल्ह्याचं नाव धाराशिव झालं, शेळीचं तेच राहिलं. तुळजापूरला शारदीय नवरात्रात महानवमीला अजाबळीचा विधी होतो. मराठवाड्यातल्या दर्ग्यांवर नवस फेडायला कंदुरी, म्हणजे बकऱ्याच्या मटणाचं जेवण, होते आणि तिच्या पंगतीला हिंदू-मुसलमान दोघेही बसतात. गावात बकरं हलाल करायला मुलाणी लागतो, मग नवस कुणाचाही असो. कंदुरीला ज्याने नवस बोलला तो समोर उभा असतो, कापणारा ओळखीचा असतो, चुलीवर पातेलं घरच्याच माणसांनी चढवलेलं असतं आणि पोरंसोरं सगळं बघत असतात. मनूच्या यादीतले बहुतेक सगळे वाटेकरी एकाच आवारात सापडतात. या प्रथेत जनावराला होणाऱ्या वेदना कमी होत नाहीत आणि देवाच्या नावाने त्या माफही होत नाहीत. पण इथे कुणाला ‘आपण त्यात नव्हतो’ असं म्हणता येत नाही, आणि धर्माच्या दृष्टीने हे लहान नाही.

बौद्ध परंपरेने हा प्रश्न वेगळ्या बाजूने घेतला. जीवक सुत्तात भिक्षूला मांस चालतं ते तीन अटींवर: त्या भिक्षूसाठी जनावर मारलेलं त्याने पाहिलेलं नसावं, ऐकलेलं नसावं आणि तशी शंकाही नसावी. पण हा नियम भिक्षापात्रात पडेल ते घेणाऱ्यासाठी आहे. दुकानात जाऊन अर्धा किलो तोलून घेणाऱ्याला त्याचा आडोसा मिळत नाही. बंद पाकिटातलं गोठवलेलं मांस घेताना आपण हाच आडोसा नकळत शोधत असतो.

भूम तालुक्यातल्या कुंथलगिरीला याच्या अगदी दुसऱ्या टोकाचं उदाहरण घडलं. दिगंबर जैन आचार्य शांतिसागर महाराजांची दृष्टी मंदावत गेली. पायाखालचा जीव दिसत नसेल तर अहिंसेचं व्रत कसं पाळायचं, या विचाराने त्यांनी तिथे सल्लेखना, म्हणजे अन्नपाणी सोडून मरण स्वीकारण्याचं व्रत, घेतली आणि १८ सप्टेंबर १९५५ रोजी देह ठेवला. न दिसण्याची सबब त्यांनी स्वतःला दिली नाही. या निष्ठेपुढे मांस खाणाऱ्यानेही मान झुकवावी. सगळ्यांना हा मार्ग झेपणारा नाही, आणि तो दुसऱ्यावर लादायचा तर मुळीच नाही.

आंबेडकरांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये यातून वाट काढली. मारण्याची गरज आणि मारण्याची इच्छा यांत त्यांनी फरक केला आणि अहिंसेची व्याख्या त्या फरकावर उभी केली. ही भेदरेषा स्टेकला लावून पाहिली की अवघडल्यासारखं होतं, कारण क्रीममधला काप ही सरळ सरळ हौस आहे.

मात्र ‘गरज’ हा शब्दही कुणाच्या तोंडी आहे ते पाहावं लागतं. धाराशिव जिल्ह्यातल्या खामगावचे शाहू पाटोळे यांनी २०१५ मध्ये ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या पुस्तकात मराठवाड्यातल्या महार आणि मांग समाजांच्या चुलीवरचं अन्न नोंदवलं: रक्ती, वजडी, मांसाच्या उन्हात वाळवून ठेवलेल्या चान्या. गावाने वाट्याला टाकलं त्यातून उभं राहिलेलं हे जेवण. तेलाचा थेंब मोजून, दूध-तुपाशिवाय. मेलेलं जनावर ओढायचं काम ज्यांच्यावर लादलं, त्यांनाच ते खाल्लं म्हणून अपवित्र ठरवलं. हे वाचल्यावर मांसाहारावरचं कुठलंही प्रवचन जातीला वगळून पुरं होत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने ६ मे २०१६ रोजी २०१५ ची बंदी कायम ठेवली, पण परराज्यातून आणलेलं गोमांस जवळ बाळगणं हा गुन्हा ठरवणारं कलम रद्द केलं. आपल्या घरात काय खावं हा माणसाच्या खासगीपणाचा भाग आहे, असा त्यामागचा विचार होता. स्वयंपाकघराचं दार कायद्यापुढे असं बंद असायलाच हवं. आतल्या माणसाने स्वतःला काय विचारायचं, हे मात्र त्याचं त्यालाच ठरवावं लागतं.

आणि ते विचारताना क्रीमही सुटत नाही. ज्यू धर्मशास्त्रात करडू त्याच्या आईच्या दुधात शिजवू नये अशी आज्ञा तीनदा येते. दूध आणि मांस एकत्र न करण्याचा नियम त्यातूनच आला. आपल्याकडेही मटणावर दूध नको म्हणणारी घरं पुष्कळ आहेत, कारण मात्र पोटाचं सांगतात. आज बाजारात मिळणाऱ्या क्रीममध्ये म्हशीच्या दुधाचा मोठा वाटा असतो. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशात म्हशी आणि रेडे मिळून सुमारे ११ कोटी निघाले. त्यांत नर एक कोटीही नव्हते. नर आणि मादी पिल्लं जन्मतात जवळपास सारख्याच संख्येने. मग उरलेले नर गेले कुठे, हे ओळखणं कठीण नाही. म्हणजे तव्यावरचा काप बाजूला काढून नुसत्या सॉसशी भाकरी खाल्ली, तरी यादीतलं आपलं नाव पुसलं जात नाही. सणाला खव्याचं सारण भरणाऱ्या माळकरी घरालाही हा हिशेब चुकत नाही, आणि कंदुरीच्या पंगतीकडे बोट दाखवण्याआधी तो एकदा मांडून पाहिला पाहिजे.