सदोष वाहन आणि क्रेत्याचा धर्म

गेल्या वर्षी निवृत्तीच्या वेळी मिळालेल्या रकमेतून मी विजेवर चालणारी मोटार विकत घेतली. आमचे कुटुंब तीन पिढ्यांपासून इंदूरला आहे, आणि ७८ वर्षांच्या मातोश्रींना वर्षातून एकदा तरी ओंकारेश्वराचे दर्शन घडावे अशी इच्छा असते. अंतर सुमारे ८० किलोमीटर. गाडी घरी आल्याच्या एकोणिसाव्या दिवशी आम्ही निघालो. सिमरोल मागे पडले, भेरूघाट लागला आणि समोरच्या पडद्यावर एकामागून एक धोक्याच्या सूचना उमटू लागल्या. कशीबशी गाडी कडेला घेतली, तोच तो पडदाही काळा झाला. क्षणापूर्वी त्यावर बॅटरी ८२ टक्के भरलेली दिसत होती.

कारण पुढे कळले. अशा गाडीत बॅटऱ्या दोन असतात. एक मोठी, शेकडो व्होल्टची, जिच्या बळावर चाके फिरतात; दुसरी साध्या मोटारीत असते तशी लहान, १२ व्होल्टची. दिवे, कुलपे, आतील गणकयंत्रे आणि मोठी बॅटरी जोडणारे विजेचे खटके ही सर्व कामे लहान बॅटरीवर चालतात. मोठीतून लहानीला वीज पुरविणारा भाग नादुरुस्त झाला, म्हणजे लहानी रिती होते, आणि मोठी भरलेली असूनही तिचा उपयोग होत नाही. यावर अध्यात्मातील एखादा सुरेख दृष्टांत सुचावा असे हे आहे, आणि मलाही तो सुचला. परंतु भर उन्हात रस्त्याकडेला बसलेल्या वृद्ध मातेला दृष्टांताचा काय उपयोग? एका अनोळखी ट्रकचालकाने आपल्या गाडीच्या सावलीत सतरंजी अंथरली आणि प्यायला पाणी दिले.

अशी गाडी दोरीने ओढून नेऊ नये, कारण चाकांबरोबर आतील मोटरही फिरते आणि वीज उत्पन्न होऊन बिघाड वाढू शकतो. म्हणून ती संपूर्ण उचलून नेणाऱ्या वाहनाची चार तास वाट पाहिली. त्या वाहनाबरोबर विक्रेत्याच्या दुरुस्तीकेंद्रातील एक तरुण आला. वय बाविसाच्या आसपास. मी त्याला जे बोललो ते येथे लिहिण्याजोगे नाही. तो मान खाली घालून खटक्यांची तपासणी करीत राहिला. मातोश्री एवढेच म्हणाल्या, "अरे, ही गाडी काय ह्या मुलाने घडवली?" चाळीस वर्षे मी विद्यार्थ्यांना संयम शिकविला होता!

गाडी दुरुस्त होऊन आली आणि अकराव्या दिवशी भर बाजारात पुन्हा तशीच बंद पडली. तेव्हा प्रश्न उभा राहिला तो असा : फसगत झालेल्या गृहस्थाने काय करावे?

एका सत्संगी मित्रांनी सांगितले, "प्रारब्ध म्हणा आणि सोडून द्या." हे वचन ऐकावयास गोड आहे, परंतु मला ते पटले नाही. स्वतःवर आलेले दुःख शांतपणे सोसणे ही तितिक्षा खरी. पण दुसऱ्याच्या हयगयीला आपले प्रारब्ध म्हणणे यात त्या हयगयीचीच सोय होते. तोच सदोष भाग उद्या आणखी कोणाच्या वाट्याला येईल, आणि त्याला सावली देणारा ट्रकचालक भेटेलच असे नाही. शिवाय, खरे सांगायचे तर, आपण पुष्कळदा ज्याला क्षमा म्हणतो तो कचेऱ्यांच्या पायऱ्या चढण्याचा कंटाळा असतो.

आमच्या मेहुण्यांचा सल्ला अधिक व्यवहारी होता. "दुरुस्त करून परगावच्या दलालाला विकून टाका. तो विचारणार नाही, तुम्ही सांगू नका." हा सल्ला मी दोन दिवस मनात घोळविला, हे कबूल केले पाहिजे. नंतर धर्मशास्त्र उघडले. आपल्या पूर्वजांनी हा विषय किती बारकाईने पाहिला आहे! याज्ञवल्क्यस्मृतीत विकत घेतलेल्या वस्तूच्या परीक्षणाची मुदत दिली आहे : बीजास १० दिवस, लोखंडास १, ओझे वाहणाऱ्या पशूस ५, रत्नास ७, दुभत्या जनावरास ३. मनुस्मृतीत खरेदीचा पश्चात्ताप झाल्यास १० दिवसांच्या आत वस्तू परत करण्याची मुभा आहे. आणि सदोष वस्तू निर्दोष म्हणून विकणाऱ्यास मूल्याच्या दुप्पट दंड सांगितला आहे. हा शेवटचा नियम वाचताना आरंभी मला फार समाधान वाटले, कारण डोळ्यांसमोर विक्रेता होता. क्षणभराने ध्यानात आले की, त्याने कदाचित दोष न जाणता विकले असेल. मी तर जाणून विकणार होतो.

तेव्हा राहिला तक्रारीचा मार्ग. आजच्या कायद्याने ग्राहकाला पाच-दहा दिवसांहून पुष्कळ अधिक अवधी दिला आहे. १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा जाऊन त्याच्या जागी २०१९ चा नवा कायदा आला व तो जुलै २०२० पासून अमलात आहे. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत अर्ज करता येतो, आणि दिलेली किंमत ५० लाखांपर्यंत असल्यास जिल्हा आयोगाकडेच दाद मागता येते. दैवी संपत्तीच्या गणनेत अक्रोध आहे, तसे अभयही आहे, आणि तेही सर्वांच्या आधी. हे आपण नित्य पाठ करतो, पण अर्ज लिहायची वेळ आली की विसरतो.

अर्ज लिहून देण्यास एक अनुभवी परिचित बसले. त्यांनी मसुदा वाचून दाखविला. त्यात एक वाक्य होते की, उन्हामुळे माझ्या वृद्ध मातोश्री मूर्च्छित पडल्या. मी म्हणालो, "असे घडले नाही." ते म्हणाले, "घडू शकले असते. भरपाई त्याच वाक्यावर वाढेल." वाचकहो, खरी परीक्षा घाटात नव्हती, ती येथे होती. ज्याच्यावर अन्याय झाला आहे त्याला थोडे असत्य माफ असते, असे मन किती लवकर मानते! आपली बाजू न्यायाची आहे ही जाणीवच त्या असत्याला बळ देते. चोर खोटे बोलताना निदान भितो. नाडलेला मनुष्य खोटे बोलतो ते छाती पुढे काढून. आणि आयोगापुढे त्या वाक्याला उत्तर द्यावे लागले असते ते कदाचित त्याच तरुणाला, कारण घाटात उपस्थित असलेला त्यांच्या बाजूचा माणूस तोच एक.

आत जाऊन मातोश्रींना विचारले. त्या म्हणाल्या, "मी तर तिथे बसून जपाच्या दोन माळा पुऱ्या केल्या. तेच लिही ना."

तेच काही लिहिले नाही; पण ते वाक्य खोडले. तारखा, बंद पडल्याच्या वेळा, दुरुस्तीच्या पावत्या आणि चार तासांची प्रतीक्षा एवढेच ठेवले. परिचितांना ते आवडले नाही. अर्जाची एक प्रत विक्रेत्याच्या केंद्रात देण्यास गेलो तेव्हा तो तरुण दारातच भेटला व मला पाहून बाजूला सरला. त्या दिवशीच्या बोलण्याबद्दल मी त्याची क्षमा मागितली. तो गोंधळला, काय उत्तर द्यावे हे त्याला सुचेना. मग हातातील अर्जाकडे पाहून त्याने विचारले की, यात त्याचे नाव आहे काय. मी म्हणालो, नाही.

अर्जाचा निकाल अजून लागावयाचा आहे. ओंकारेश्वरास आम्ही बसने जाऊन आलो.