धुऱ्यावरची कळलावी

तीन वर्षांपूर्वी पोळ्याच्या दोन दिवस आधी शेजाऱ्याच्या धुऱ्यावर मला कळलावी दिसली. धुरा म्हणजे शेताचा बांध. आमच्या नरखेड तालुक्यात सगळे धुराच म्हणतात. बोरीच्या काट्यांतून वेल वर चढली होती. पानांची टोकं दोऱ्यासारखी काटक्यांना गुंडाळलेली. फुलाच्या पाकळ्या उलट्या, वरच्या दिशेनं वळलेल्या. बुडाशी पिवळ्या, टोकाला लाल. चुलीतला जाळच. मी फोटो काढला, स्टेटसला ठेवला आणि घरी जाऊन कुदळ घेऊन आलो.

शेजाऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, "ने ना बाप्पा, मले तं ते काढाचंच हाय."

घरी आजी मात्र भडकली. "कायले आनलं हे घरात? इख हाय ते!"

आजीचं खरं होतं. कळलावीचा प्रत्येक भाग विषारी असतो, कंद आणि बिया तर फारच. त्यात कोल्चिसिन असतं. ते पोटात गेलं तर माणूस दगावू शकतो. तेच कोल्चिसिन अगदी मोजक्या प्रमाणात गाऊटच्या दुखण्यावर औषध म्हणून देतात आणि त्यासाठी तमिळनाडूत शेतकरी कळलावीची शेती करतात. तिथलं ते राज्यफूल आहे, झिंबाब्वेचं तर राष्ट्रीय फूल. आपल्याकडे नाव पडलं ते बाळंतपणाच्या कळांवरून. पूर्वी कळा याव्यात म्हणून हा कंद वापरायचे. आज कुणीही तो प्रयोग करू नये.

मग असं झाड घरी लावावं का? मी आजीला अंगणातली कण्हेर दाखवली. तीही विषारीच, पण तिची फुलं आपण रोज देवाला वाहतो. म्हणजे विषाशी आपलं तसं भांडण नाही, त्याची सवय झाली की पुरे. पण कण्हेरीचं विष गावात सगळ्यांना माहीत आहे. कळलावीचं किती जणांना माहीत असेल? म्हणून कुंडी गच्चीवर ठेवली, जिन्याच्या दाराला कडी लावली आणि घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवलं. हात लावला की साबणानं धुवायचे. विषाचा प्रश्न असा सुटला.

दुसरा प्रश्न सुटला नाही. तो आजीनंच, सहज विचारला. "आपल्या धुऱ्यावर होतं ना हे पयले. तं दुसऱ्याच्या धुऱ्यावरून काऊन आनलं?"

आमच्या धुऱ्यावर कळलावी नव्हती, कारण तिथं चार वर्षं तणनाशक फवारलं होतं. पंप माझ्याच पाठीवर होता. संत्र्याच्या बगीच्यात निंदणाला मजूर मिळत नाही, मिळाला तर परवडत नाही. फवारणी बगीच्यापुरती ठेवता आली असती, पण पंपात औषध उरलं की धुराही मारून टाकायचा, ही सवयच. त्यात काय काय जळालं, ते मी पाहिलंही नव्हतं.

तोवर मी सगळ्यांना सांगत होतो की मी ते झाड वाचवलं. आजीच्या प्रश्नानंतर तसं म्हणायची लाज वाटली. वाचवलं, पण कुणापासून? माझ्यासारख्यांपासूनच. आणि वाचवताना तरी काय केलं? फुलावर आलेलं झाड खणलं. कंद नांगराच्या फाळासारखा वाकडा आणि ठिसूळ. एक फाटा कुदळीनं तुटला आणि कुजला. त्या धुऱ्यावर पुढच्या वर्षी काही उगवलं नाही.

एखादी गोष्ट आवडली म्हणून ती आपली होते का? बहुतेकदा आपण असंच वागतो. ज्या जागी ती आपसूक जगत होती ती जागा मोडतो, मग एक नग कुंडीत आणून जपतो आणि त्या जपण्याला प्रेम म्हणतो. कुंडीतलं प्रेम खोटं असतं असं नाही. मी रोज पाणी घातलं, मृग लागल्यावर कोंब वर आला तेव्हा नाचलो. पण त्या प्रेमानं धुऱ्याचा हिशेब फिटत नाही.

कुंडीतल्या वेलीला पुढच्या पावसाळ्यात दोन फुलं आली. मी ब्रशनं पराग लावले. दिवाळीनंतर शेंगा तडकल्या, आत लाल बिया. पुढच्या जूनमध्ये त्या आमच्याच धुऱ्यावर, बोरीच्या बुडाशी टाकल्या. त्या धुऱ्याचा वीस पावलांचा तुकडा आता फवारायचा नाही, असं घरात ठरलंय. बाबा कुरकुरतात, तिथलं तण बगीच्यात येतं, ते हातानं काढावं लागतं. ते काम माझं.

बियांपासून फूल यायला काही पावसाळे जातात. यंदाचा दुसरा. बोरीखाली चारच बारीक कोंब आहेत, फूल एकही नाही. फोटो काढण्यासारखं काहीच नाही. परवा आजी काठी टेकत धुऱ्यापर्यंत आली, वाकून पाहिलं आणि म्हणाली, "राहू दे. इथं ठीक हाय."